मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास: अंतर तेच, मग जायला जास्त वेळ आणि यायला कमी का?

मुलं न्यू जर्सीत आणि आई-वडील पुण्यात किंवा डोंबिवलीत, अशा घरात विमानाचं तिकीट हातात आलं की बोटांवर हिशोब सुरू होतो. समजा उन्हाळ्यातलं तिकीट आहे. मुंबईहून सुटणार रात्री दीडला, न्यूयॉर्कला उतरणार सकाळी साडेसातला, तारीख तीच. म्हणजे सहा तासांत अमेरिका? परतीचं बघावं तर न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. म्हणजे साडेतेवीस तास! त्यात २०२५ पासून हवाई हद्द बंद झाल्याच्या, विमानं वळसा घालून जात असल्याच्या बातम्या. मग अमेरिका नक्की किती लांब आहे, असा प्रश्न पडणारच.

"किती लांब" आणि "किती वेळ" हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बदलत नाही. दुसऱ्याचं उत्तर वारा, शेजारी देशांची परवानगी आणि टाकीतलं इंधन यांच्यावर ठरतं, आणि ते रोज थोडं बदलतं.

आधी घड्याळाचा गुंता

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा तास. आपण घड्याळाला वर्षभर हात लावत नाही. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. म्हणूनच ऑक्टोबरातलं आणि डिसेंबरातलं तिकीट शेजारी ठेवलं की वेळा जुळत नाहीत.

सोपी युक्ती अशी की दोन्ही वेळा भारतीय वेळेत करून घ्यायच्या. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. रात्री दीड ते संध्याकाळी पाच, साडेपंधरा तास. परतीला न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत चौदा तास. सहा आणि साडेतेवीस या आकड्यांतली मोठी तफावत घड्याळाची होती. उरला तो दीड तासाचा फरक, आणि तो मात्र खरा आहे.

हे तास नुसते उडण्याचे नसतात. विमान फाटकापासून हललं की मोजणी सुरू होते आणि दुसऱ्या फाटकाला लागलं की थांबते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरल्यावरचं रांगत जाणं, आणि उशीर झालाच तर हाताशी असावीत म्हणून कंपनीने धरलेली काही मिनिटं, हे सगळं त्यात येतं.

नकाशावरची सरळ रेषा खरी सरळ नसते

शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिकपार जाते. हा रस्ता भरतो सुमारे १४,२०० किलोमीटर. आता घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या किंचित उत्तरेकडून फिनलंड, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, मग आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि न्यूयॉर्क. ही वाट आर्क्टिक वृत्तापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर येऊन खाली उतरते, आणि तिची लांबी भरते सुमारे १२,५३० किलोमीटर. म्हणजे जवळपास १,७०० किलोमीटर वाचले.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधल्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. इंटरनेटवर दोन शहरांमधलं "हवाई अंतर" दिसतं ते बहुतेक वेळा हेच.

सपाट नकाशा असा का फसवतो? आपल्या डोळ्यांत बसलेला नकाशा मर्केटर पद्धतीचा आहे, १५६९ सालचा. तो दर्यावर्दी लोकांसाठी काढला होता. त्यावरच्या सरळ रेषेवर होकायंत्राचा कोन कायम राहतो, जहाज हाकायला ती मोठी सोय. पण त्याची किंमत अशी की जितकं ध्रुवाकडे जावं तितका भूभाग फुगलेला दिसतो. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. फुगलेल्या भागातून जाणारी जवळची वाट मग उगाच कमानीसारखी वाकलेली दिसते, आणि सीटसमोरच्या स्क्रीनवर ती बघून माणूस म्हणतो, "अरे, हा वर कुठे चालला?"

मग विमान याच वाटेने जातं का?

फार क्वचित. कारण आकाशालाही मालक आहेत. १९४४ च्या शिकागो करारापासून हे जगभर मान्य आहे की आपल्या भूमीवरच्या आकाशावर त्या-त्या देशाचा पूर्ण हक्क. वरून जायचं तर परवानगी हवी आणि बहुतेक ठिकाणी शुल्कही भरावं लागतं. वरची यादी परत वाचा. मुंबईहून निघाल्यावर पहिलंच परकं आकाश पाकिस्तानचं, आणि पुढे रशियाचा मोठा पट्टा.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. काही दिवसांत भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी घातली, आणि पुढे दोन्हीकडून महिन्या-महिन्याची मुदतवाढ होत राहिली. बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. याचा चटका दिल्लीला जास्त बसतो, मुंबईला कमी. दिल्लीहून पश्चिमेला निघालेलं विमान थोड्याच वेळात पाकिस्तानच्या सीमेवर येतं. हद्द बंद असली की त्याला आधी गुजरातकडे खाली यावं लागतं, तिथून अरबी समुद्र, मग आखात. मुंबईचं विमान मुळातच समुद्रावर असतं, त्याचा वळसा लहान. दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीला जाणारी इंडिगोची लहान विमानं तर वळसा घेऊन पोहोचण्याइतकी लांब पल्ल्याचीच नाहीत, म्हणून ती उड्डाणं बंद करावी लागली.

रशियाचं प्रकरण फेब्रुवारी-मार्च २०२२ चं. युक्रेन युद्धानंतर अमेरिका आणि युरोपातल्या बहुतेक देशांच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं. फिनलंडच्या फिनएअरचं हेलसिंकी–टोकियो विमान आधी साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचायचं, ते उत्तर ध्रुवावरून जाऊन तेरा तास घेऊ लागलं. दोन शहरं होती तिथेच आहेत, प्रवास मात्र साडेतीन तासांनी वाढला. भारतीय विमानांना रशियाचं आकाश उघडं राहिलं, पण त्यातही जोखीम होती. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादानला उतरलं. दोनशेच्या वर प्रवासी तिथे अडकले आणि मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे न्यावं लागलं.

परवानगी असली तरी काही भाग टाळलेच जातात. तिबेटचं पठार त्यातलं एक. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला लगेच तीन किलोमीटरच्या आसपास उतरावं लागतं, कारण डोक्यावरच्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. खाली डोंगरच साडेचार-पाच किलोमीटर उंच असतील तर उतरायचं कुठे? शिवाय दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळात पोहोचता येईल असं विमानतळ वाटेत कायम हाताशी ठेवायचं, असा नियम आहे. म्हणून महासागरावरची वाटही मनाला येईल तशी आखता येत नाही.

खरा खेळ वाऱ्याचा

आता तो दीड तास. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटरवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान पट्टे वाहत असतात. यांना जेट प्रवाह म्हणतात. तिथे ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा नेहमीचा, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर.

खाडीत होडी घालणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. भरतीबरोबर आत शिरताना जे अंतर अर्ध्या तासात कापलं जातं, तेच ओहोटीत वल्हवताना तासभर खातं. वल्ह्याचा जोर दोन्ही वेळा सारखाच असतो, फक्त खालचं पाणी आपल्या बाजूचं असतं किंवा नसतं. विमानाच्या खाली पाण्याऐवजी हवा असते.

हिशोब करून बघू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा आणि प्रत्यक्ष वाट वळशासकट १३,००० किलोमीटर. जाताना समोरून सरासरी ५० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग पडतो ८५०, आणि लागतात सुमारे सव्वापंधरा तास. येताना तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९५० आणि वेळ पावणेचौदा तासांच्या आत. सरासरी ५० चा वारा, आणि फरक दीड तासाच्या वर.

वैमानिक आणि कंपनीचे नियोजन करणारे लोक या वाऱ्याचा रोज अभ्यास करतात. उत्तर अटलांटिकवर तर विमानांसाठी हवेतल्या समांतर वाटांचा एक जाळाच असतो. स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक आणि कॅनडातलं गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं तो दिवसातून दोनदा नव्याने आखतात. अमेरिकेकडे जाणाऱ्यांची वाट वारा चुकवेल अशी आणि युरोपकडे येणाऱ्यांची वारा पकडेल अशी. आज गेलेली वाट उद्या दोनशे-तीनशे किलोमीटर वर किंवा खाली असू शकते.

फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. मग त्याने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. भोवतालच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने जात होतं, पण ती हवाच प्रचंड वेगाने पूर्वेकडे निघाली होती.

लांबचा रस्ता, तरी लवकर

या सगळ्यातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडे जायचं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटरची, चौदाशे किलोमीटरने जास्त. आणि तरीही विमान साडेचौदा तासांच्या आसपास पोहोचलं, जवळपास दोन तास लवकर. कारण समोरचा वारा पाठीशी आला. अंतर वाढवून वेळ वाचवला, हे ऐकायला उलटं वाटतं, पण विमानाला जमिनीवरच्या किलोमीटरशी देणंघेणं नसतं, त्याला किती हवा कापायची तेवढंच कळतं.

"पण पृथ्वी फिरतेच ना? विमान नुसतं वर थांबलं तर?"

हा प्रश्न लहान मुलंच विचारतात असं नाही, आणि तो चांगला प्रश्न आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते. मग वर तरंगत राहिलं तर दहा-एक तासांत न्यूयॉर्क पायाखाली यायला हवं, नाही का?

येत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. ती मागे राहिली असती तर गिरगाव चौपाटीवर रात्रंदिवस ताशी १,५८० किलोमीटरचं वादळ सुटलं असतं. विमान या फिरणाऱ्या हवेत उडतं, त्यामुळे फिरण्याचा थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही.

आडून मात्र परिणाम होतो. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे निघते. तिच्याजवळ विषुववृत्तावरचा पूर्वेकडचा मोठा वेग असतो. उत्तरेकडे जाताना खालची जमीन सावकाश फिरणारी लागते आणि ही हवा तिच्यापुढे पूर्वेकडे धावू लागते. जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडेच का वाहतात याचं मूळ इथे आहे. तेव्हा परतीचा प्रवास लवकर होतो याला पृथ्वीचं फिरणं कारण आहे असं कोणी म्हटलं तर ते अगदी चूक नाही, फक्त मधल्या वाऱ्याचं नाव घ्यायचं राहून जातं.

वेग वाढवून वेळ भरून का काढत नाहीत?

लांब पल्ल्याची विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांवर उडतात. त्याच्या पुढे सरकलं की पंखांवरून जाणारी हवा जागोजागी ध्वनीच्या वेगाला पोहोचते, विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जळतं. वैमानिकाच्या हातात अगदी थोडा वेग वाढवणं असतं. बारा तासांच्या उड्डाणात त्याने काही मिनिटं वाचतात, तास वाचत नाहीत. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं कॉन्कॉर्ड २००३ मध्ये निवृत्त झालं, आणि त्याचा पल्ला होता साधारण सात हजार किलोमीटर. मुंबई–न्यूयॉर्क त्याला एका दमात कधीच जमलं नसतं.

जास्तीच्या तासाची किंमत

या मार्गावर धावणाऱ्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन असतं सुमारे ३५१ टन. टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यात इंधनच बसतं जवळपास १४५ टन. म्हणजे उडताना विमानाच्या वजनातला चाळीस टक्के भाग नुसतं इंधन.

तासाला साधारण सात-आठ टन जळतं. वळशामुळे एक तास वाढला तर तेवढं इंधन जास्त घ्यायचं, आणि ते वाहून न्यायला आणखी इंधन. लांब उड्डाणात जास्तीच्या इंधनातलं दर तासाला तीन-चार टक्के तर ते स्वतः उचलून ठेवण्यातच खर्च होतं. कमाल वजनाची मर्यादा मात्र वाढत नाही. मग काय कमी करायचं? माल, नाहीतर प्रवासी. विमानात जागा रिकाम्या दिसत असूनही तिकीट मिळालं नाही, किंवा बॅगा दुसऱ्या विमानाने आल्या, तर कधी-कधी त्यामागे हेच गणित असतं. नाहीतर मधे उतरून इंधन भरायचं. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली आणि उत्तर अमेरिकेतल्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी असा थांबा घ्यावा लागला. दिल्ली–वॉशिंग्टन उड्डाण १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवताना कंपनीने विमानांची टंचाई आणि बंद हवाई हद्द, ही दोन्ही कारणं दिली.

थांबे नवे नाहीत. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, "मलबार प्रिन्सेस", मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हा करत. मुंबई ते न्यूयॉर्क एका दमात जाणारी एअर इंडियाची सेवा सुरू व्हायला २००७ चा ऑगस्ट उजाडावा लागला.

दुबईमार्गे गेलं तर खूप लांब पडतं का?

पडत नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९०० किलोमीटर आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज जेमतेम १३,००० च्या आत. म्हणजे थेट रेषेपेक्षा चारशेच्या आसपास किलोमीटर जास्त, विमानाच्या भाषेत अर्धा तास. वेळ जातो तो दुबईच्या विमानतळावर बसण्यात. म्हणून थांब्याचं तिकीट घेताना अंतर बघू नका, मधले तास बघा. दोन तासांचा थांबा स्वस्त वाटतो, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं तर वयस्कर माणसाची एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाताना फार ओढाताण होते. तीन-चार तासांचा थांबा आणि व्हीलचेअरची आगाऊ नोंद, हे मी माझ्या माणसांसाठी तरी आग्रहाने करेन.

थेट विमानाचा फायदा मला वेळेपेक्षा मनस्ताप वाचण्यात दिसतो. एकदा बसलं की उतरेपर्यंत काही शोधायचं नाही. पण पंधरा-सोळा तास एका जागी बसल्याने पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तेव्हा दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालायची आणि पाणी पीत राहायचं.

राहिला औषधांचा प्रश्न. रोज सकाळी आठला गोळी घेणारे लोक न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला उतरतात आणि अर्ध्या तासात गोळी घेतात. खरं तर त्यांची भारतातली आठची गोळी विमानातच होऊन साडेनऊ तास झालेले असतात, दुसऱ्या गोळीची वेळ अजून साडेचौदा तास लांब असते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधात अशी चूक महागात पडू शकते. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना तिकीट दाखवा, उड्डाणाचे खरे तास भारतीय वेळेत काढून सांगा आणि डोस कोणत्या वेळी घ्यायचे ते त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. उतरेपर्यंत हातातलं एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या.